भाट्यावरची हवा

“गुरुजी, तुंहर रुख मन हवा ला छेंक दिन.”

शेजारच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, डोकरी दाई हे म्हणाली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. मे महिन्यातली रात्र, साडेदहा वाजून गेलेले. मी जेवून शतपावलीला निघालो होतो आणि दाई अंगणात खाटेवर बसून पदरानं वारा घेत होती. तुमच्या झाडांनी हवा अडवली, एवढंच ती म्हणत होती. छत्तीसगढीत झाडाला रुख म्हणतात; जुन्या मराठीतही तो शब्द आहे. म्हणून असेल, तिचं वाक्य मला माझ्याच आजीनं म्हटल्यासारखं लागलं. मी काहीतरी उत्तर दिलं. झाडं मोठी झाली की गारवा येईल, थोडा धीर धरा, असं काहीसं. घरी आलो आणि झोप लागली नाही.

ती सहाशे झाडं मी लावली होती. माझ्या विद्यार्थ्यांकडून खड्डे खणून घेतले होते, माझ्या पगारातून टँकर आणला होता. लोक मला ‘झाडवाले गुरुजी’ म्हणायचे आणि मला ते आवडायचं. दाईच्या त्या एका वाक्यानंतर मला माझ्या चुका एकेक करून दिसू लागल्या. त्या इथं लिहितो आहे, कारण त्यातल्या निदान एका चुकीची लागण माझ्यामुळे दुसऱ्या गावाला झाली.

आमचं नंदिनी नगर भिलाईच्या उत्तरेला, अहिवाऱ्याला लागून. इथली चुनखडीची खाण भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी उघडली गेली. दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज, हिर्रीचा डोलोमाइट आणि नंदिनीची चुनखडी, यांवर त्याच्या भट्ट्या चालत आल्या. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झालं. त्यानंतर चार-पाच वर्षांनी माझे वडील गोंदियाकडून नोकरीसाठी इथं आले. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी अशात आम्ही वाढलो. मी पुढे शाळेत भूगोल शिकवायला लागलो.

इथल्या शेतकऱ्यांना जमिनीची फार बारीक ओळख आहे. काळी, चिकण, सखल ती कन्हार. तिच्या वरच्या अंगाला डोरसा, मग पिवळसर मटासी. आणि सगळ्यांत उंचावर तांबडी, मुरमाड, जेमतेम वीतभर मातीची भाटा जमीन. भाट्यावर धान होत नाही. तिथं गुरं चरतात, पोरं खेळतात, गुराखी राऊत काठीला टेकून उभा असतो. पावसाळ्यात गुडघाभर गवत उठतं, दिवाळीनंतर पिवळं पडतं, आणि होळीच्या सुमाराला कुसळं धोतरात, मोज्यांत रुतून बसतात. आमची वसाहत आणि दाईचा पारा यांच्या पश्चिमेला असा मोठा भाटा होता. वर्गात मी त्याला ‘पडीक जमीन’ म्हणत असे. हा शब्द मी किती पोरांच्या डोक्यात घातला असेल, याचा हिशेब आता लागायचा नाही.

पहिली चूक भाट्यावरच्या झाडांच्याही आधीची, १९९४ सालची. शाळेच्या आवारात सावली हवी होती आणि मी सागवान निवडला. लाकूड मोलाचं, रोप सहज मिळतं, सरळ वाढतं. सात-आठ वर्षांत रांग छान उंच झाली. पण मार्चमध्ये वार्षिक परीक्षा सुरू झाल्या की सागाखाली उभं राहायला सावली नसायची. एप्रिल, मे, मेअखेरचा भाजणारा नवतपा, सगळा काळ तो नुसता काठ्यांसारखा उभा, आणि पावसाळ्यात, जेव्हा पोरं वर्गात बसलेली, तेव्हा हत्तीच्या कानाएवढ्या पानांनी गच्च भरलेला. मी दरवर्षी ‘पानझडी वने’ हा पाठ शिकवत होतो. कोरड्या ऋतूत पाणी वाचवण्यासाठी पानं गाळणारी झाडं, असं फळ्यावर लिहीत होतो, आणि खिडकीबाहेर तेच चाललेलं मला दिसत नव्हतं. करंज, कडुनिंब, पिंपळ यांना नवी पालवी बरोबर उन्हाच्या तोंडावर येते. शाळेला तीच झाडं हवी होती. उन्हात उभ्या राहिलेल्या मुलांच्या त्या आठ-दहा तुकड्यांची मी मनातल्या मनात माफी मागत असतो.

भाट्यावरची चूक मोठी होती. २००३ च्या मार्चमध्ये मी आठवी-नववीच्या मुलांना घेऊन ते मैदान ‘साफ’ केलं. गवत म्हणजे कचरा, सापाची जागा, विडीच्या एका ठिणगीनं पेटणारी वस्तू, असं माझं पक्कं मत होतं. आम्ही ते विळ्यांनी कापलं, उरलेलं पेटवलं. संध्याकाळभर राख उडत होती. एक चंडोल त्या धुरावर उभाच्या उभा चढत गेला आणि तिथंच फडफडत राहिला. चंडोल नेहमी गात वर चढतो; हा गात नव्हता. मी तो पाहिला आणि मुलांना म्हणालो, चला, उशीर झाला.

तो उन्हाळा पाऱ्यातल्या बायकांनी धुळीत काढला. भाकरीच्या पिठात तांबडी धूळ यायची. खरं तर तिथंच मला थांबता आलं असतं. वाळलं गवत मेलेलं दिसतं, पण ते काम करत असतं. त्याचा रंग फिका, म्हणून ऊन थोडं परततं. काड्यांच्या मध्ये हवा अडकून राहते, म्हणून जे ऊन शोषलं जातं त्याची धग खाली जमिनीत फारशी मुरत नाही. मुरूम उघडा पडला की तो दिवसभर ती धग आत घेतो आणि मध्यरात्रीपर्यंत परत देत राहतो. तव्याखालचा विस्तव काढला तरी तवा तापलेला राहतो, तसं. गवतावर मात्र सूर्य बुडाला की थोड्याच वेळात वरची हवा निवायला लागते. निरभ्र आकाशाखाली त्याची पाती आपली उष्णता वर टाकून देतात आणि खालून भरपाई होत नाही. हिवाळ्यात दव पडतं ते म्हणूनच. या शास्त्राची पुस्तकं तेव्हाही होती. मी ती उघडली नाहीत.

जूनमध्ये आम्ही झाडं लावली. सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ, कारण लवकर वाढतात आणि लगेच हिरवं दिसतं. दोन-दोन हातांवर, सात ओळी, मैदानाच्या पूर्वेच्या कडेनं, म्हणजे नेमक्या पाऱ्याच्या तोंडावर. उन्हाळ्यात पश्चिमेकडून झांझ, म्हणजे गरम वारा, येते, तिला भिंत घालायची हा विचार. चार-पाच वर्षांत भिंत झालीही. वीस फूट उंच, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गच्च.

दुपारच्या झांझेला ती थोडीफार अडवत होती, हे खरं आहे. पण रात्री त्याच दिशेनं भाट्यावरून निवलेली झुळूक येते, तीही ती अडवत होती. वाऱ्याला झाडांची आडभिंत घातली की तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत पलीकडे वारा पडतो. वीस फुटांच्या भिंतीमागे दोनशे फूट. दाईचं अंगण भिंतीपासून चाळीस पावलांवर होतं. शेतीच्या पुस्तकांत असंही असतं की वारा पूर्ण अडवणाऱ्या दाट ओळीपेक्षा निम्मा वारा गाळून सोडणारी विरळ ओळ चांगली. मी ते वाचलं तेव्हा ओळी लावून सहा वर्षं झाली होती.

पाऱ्यातले लोक उन्हाळ्यात अंगणातच झोपायचे. पत्र्याच्या आणि कवेलूंच्या घरात रात्री बारापर्यंत आत पाय ठेववत नाही. खाट बाहेर काढायची, वर पाणी शिंपडायचं आणि नऊच्या सुमाराला भाट्यावरून जी हवा येई तिची वाट बघायची, हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा परिपाठ. ती हवा हीच त्यांची संपत्ती होती आणि मी ती त्यांना न विचारता घेतली. आमच्या वसाहतीतल्या घरांना कूलर होते. कूलरलाही कोरडी, खेळती हवा लागते. दमट, कोंडलेल्या हवेत तो नुसता ओलावा फेकतो, जसा पावसाळ्यात माठ पाणी फारसं गार करत नाही. पण निदान पंखा तरी फिरत होता. दाईकडे वीज असून नसल्यासारखी.

आता तिसरी चूक, आणि मला हीच सर्वांत जास्त टोचते. दाई बोलली त्याच्या आदल्या वर्षी आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात माझं भाषण झालं. मी दोन थर्मामीटर आणले होते. एक झाडीत फांदीला बांधला, दुसरा मैदानाच्या कडेच्या विटांच्या भिंतीवर खिळ्याला, उन्हात. दुपारी दोनला वाचले. फरक नऊ अंशांचा. “आपल्या झाडांनी नंदिनीचं तापमान नऊ अंशांनी उतरवलं,” असं मी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं. टाळ्या पडल्या. समोर बसलेल्या पलीकडच्या गावातल्या दोघा शिक्षकांनी तो आकडा लिहून घेतला. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या गावचा भाटा कापून, पेटवून, नांगरून सुबाभूळ लावली. मला रोपं वाटायला बोलावलं होतं. मी गेलो होतो.

उन्हात टांगलेला थर्मामीटर हवेचं तापमान सांगत नाही. तो स्वतः किती तापला ते सांगतो, आणि पाठीमागची भिंतही त्याला भाजत असते. हे मला कळलं ते पुण्यात. माझी बहीण शिवाजीनगरला राहते, वेधशाळेपासून, म्हणजे पुणेकर जिला सिमला ऑफिस म्हणतात तिथून, चालत जाण्याच्या अंतरावर. तिच्या इमारतीत वेधशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. मी त्यांना मोठ्या उत्साहानं माझा नऊ अंशांचा आकडा सांगितला. ते हसले नाहीत, खोडूनही काढलं नाही. फक्त विचारलं, “पेटी कुठे होती?” मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनी दुहेरी झडपांची लाकडी पेटी, जमिनीपासून सव्वा मीटरवर, उघड्या जागेत, खाली गवत. ऊन आत जात नाही, वारा जातो. जगभरच्या वेधशाळांत तापमान असं मोजतात. त्यांनी ‘खाली गवत’ म्हटलं, ते माझ्या मनात अडकून राहिलं.

त्यांच्याकडूनच मी एल. ए. रामदास यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. १९३२ मध्ये पुण्यात शेतीच्या हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला, तो त्यांनी उभा केला. जमिनीलगतच्या हवेच्या थरांचा अभ्यास हा त्यांच्या कामाचा गाभा. निरभ्र, निवांत रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत गार हवा जमिनीला चिकटून नसते, तर वीत-दोन वीत वर असते, असं त्यांना मोजणीत आढळलं. पुस्तकातल्या समजुतीच्या विरुद्ध होतं, म्हणून बरीच वर्षं लोकांचा विश्वास बसला नाही. पुढे तो थर जगभर त्यांच्या नावानं ओळखला जाऊ लागला. जर्मनीत रुडोल्फ गायगर यांनी १९२७ मध्ये जमिनीलगतच्या हवेवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं. वीतभर उंचीनं, दहा पावलांनी, एका झुडपानं हवा बदलते, हे या माणसांनी इतक्या काळजीनं मोजून ठेवलं होतं, आणि मी भिंतीवर खिळा ठोकून टाळ्या घेतल्या होत्या.

परत आल्यावर मी जुन्या खिडक्यांच्या झडपांपासून दोन पेट्या करवून घेतल्या. एक झाडीत ठेवली. दुसरी ठेवायला गवत शोधावं लागलं. विमानांच्या जुन्या धावपट्टीच्या बाजूला भाट्याचा एक तुकडा वाचला होता, तिथं एका ओळखीच्या राऊताच्या भरवशावर ती उभी केली. मे महिनाभर पहाटे साडेचार आणि दुपारी अडीचला सायकलवरून दोन्ही वाचायचो. वहीत पहिल्या आठवड्यातच चित्र स्पष्ट झालं. दुपारी झाडीतला पारा उघड्यावरच्यापेक्षा तीनेक अंश खाली. पहाटे नेमकं उलटं. गवतावरची हवा गार, झाडीतली दीड-दोन अंशांनी ऊन. झाडाचं छत्र दिवसा सूर्य अडवतं तसं रात्री आकाशही अडवतं. जमिनीची धग वर निघून जायची ती पानांना लागून पुन्हा खाली येते. थंडीत हेच छत्र पांघरूण होतं. मेमध्ये त्याखाली घुसमट.

यात माझा काही शोध नाही. २०१९ मध्ये पाच खंडांतल्या ९८ ठिकाणांच्या नोंदी एकत्र करून शास्त्रज्ञांनी दाखवलं की जंगलाच्या छत्राखाली दिवसाचं कमाल तापमान बाहेरच्यापेक्षा सरासरी ४.१ अंशांनी कमी असतं आणि किमान तापमान १.१ अंशांनी जास्त. चार अंश कमी, तेही खऱ्याखुऱ्या जंगलात. माझ्या पाच वर्षांच्या सुबाभळीचे नऊ अंश मी सभेत सांगितले होते.

आणखी एक गोष्ट वहीनं दाखवली. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात झाडीचा दुपारचा गारवाही कमी होत गेला. झाड गारवा देतं ते काही सावलीनं आणि काही पानांतून पाणी सोडून. भाट्याला खाली कठीण थर. मुळं खोल जात नाहीत. वीतभर मातीतलं पाणी संपलं की पानं आपली रंध्रं मिटून घेतात, सुबाभूळ तर पानंच गाळते. उरते काटक्यांची भिंत. कन्हार जमिनीतला तळ्याकाठचा कौहा, ज्याला आपण अर्जुन म्हणतो, तो त्याच दिवसांत हिरवागार असतो, कारण त्याचे पाय पाण्यात आहेत. जमीन न बघता झाड लावलं की असं होतं.

त्या दोघा शिक्षकांकडे मी वही घेऊन गेलो. एकानं ऐकून घेतलं. दुसरा म्हणाला, “गुरुजी, आता गावासमोर काय तोंड दाखवायचं?” त्याच्याकडे बोट दाखवायचा मला अधिकार नव्हता. पुढच्या गणेशोत्सवात मी पाच मिनिटं मागून घेतली आणि माझा आकडा चूक होता असं त्याच ध्वनिक्षेपकावरून सांगितलं. टाळ्या मिळालेलं भाषण बऱ्याच जणांना अजून आठवतं. ती पाच मिनिटं कुणाला आठवत नाहीत.

झाडं काढायची परवानगी मिळायला दोन पावसाळे गेले. ज्यानं लावली तोच काढा म्हणतो आहे, हे लोकांना समजेना, आणि त्यांचं चुकत नव्हतं. शेवटी मधल्या तीन ओळी आणि पाऱ्यासमोरचा तीस पावलांचा पट्टा मोकळा करता आला; उरलेल्या झाडांच्या खालच्या फांद्या आम्ही डोक्याच्या वरपर्यंत छाटल्या, म्हणजे सावली राहील आणि खालून वारा जाईल. सुबाभूळ मात्र सोडत नाही. बुंध्याला फुटवे येतात, जमिनीत पडलेलं बी वर्षानुवर्षं उगवत राहतं. दर आषाढात मी अजून वाकून तिची रोपं उपटतो. गवत पहिल्या वर्षी आलंच नाही. दुसऱ्या वर्षी कडेनं थोडं. जाळायला एक संध्याकाळ लागली होती.

मी झाडांच्या विरुद्ध झालेलो नाही. नंदिनीच्या खाणीतल्या रिकाम्या जमिनीवर राज्य सरकारनं ८८५ एकरांत मानवनिर्मित जंगल उभं करायला घेतलं, ऐंशी हजारांच्या आसपास रोपं लावली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. ती जमीन उकरून, दगड काढून सोडलेली. तिथं गवताचं जुनं घर मोडायचा प्रश्न नव्हता. खाणीच्या खड्ड्यांत पाणी साठलंय, पाखरं उतरतात. डिसेंबरच्या सकाळी आसपासची गार हवा उतरून त्या खड्ड्यांत बसते आणि धुकं उन्हं येईतो हलत नाही. मी मुद्दाम बघायला जातो. तिथलं जंगल वाढावं. पण जुना, गुरांनी राखलेला भाटा ही वेगळी गोष्ट आहे आणि ती ओळखायला मला पन्नाशी उलटावी लागली.

आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी माळ म्हणजे ओसाड ही समजूत गेली नाही. मीही मानत होतो की प्रत्येक माळ हे कुणीतरी तोडलेलं जंगलच. २०२५ मध्ये दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांनी जुन्या मराठी वाङ्मयातली आणि लोकगीतांतली वनस्पतींची नावं तपासून दाखवलं की पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं कित्येक शतकं माळरानंच आहेत. भाटा म्हणजे दख्खनचा माळ नव्हे. पण ते वाचताना मला माझं ‘पडीक’ आठवलं.

दाई त्या रात्रीनंतर दोन उन्हाळे अंगणात झोपली, मग आत झोपू लागली. पट्टा मोकळा झाला तेव्हा मी तिला सांगायला गेलो. ती म्हणाली, “बने करे, गुरुजी.” बरं केलंत. त्या हिवाळ्यात ती गेली.

यंदा नवतप्यात वीज गेली म्हणून मी रात्री बाहेर पडलो. पट्ट्यात आता पोटरीएवढं गवत आहे, वाळलेलं. दाईच्या मुलानं खाट नेमकी त्या मोकळ्या जागेसमोर ओढून घेतली होती. मला बघून तो उठू लागला, मी त्याला पडून राहा म्हटलं आणि खाटेच्या कडेवर टेकलो. दहाच्या सुमाराला कुसळं हलल्याचा आवाज आला. मग हवा आली. त्यानं गमछा तोंडावरून काढला आणि कूस बदलून झोपला. मी बराच वेळ तिथं बसून होतो.